उजवा शंख

शरयूताईंनी मेथीची जुडी सोडली, देठं एका बाजूला केली आणि साक्षीपाटीवर टिचकी मारली. पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेली ती काळी काच जागी झाली. दिसायला ती अगदी त्यांच्या लहानपणच्या दगडी पाटीसारखी होती. हिच्यावर लिहायचं मात्र काही नव्हतं, ही दाखवील ते बघायचं होतं. काचेवर एक मतपत्रिका उमटली. खाली मराठीत प्रश्न आला : ठसे किती?

“एक,” शरयूताई म्हणाल्या. पुढची पत्रिका आली.

“दोनशे झाल्या का गं?” मधुकररावांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

“बोलू नका. आणि इकडे बघू तर अजिबात नका.”

पण त्यांची मान वळली होतीच. पाटी लगेच काळी पडली. परक्या डोळ्यांची चाहूल लागली की ती अशी मिटून जायची.

“घ्या! मी बघितलं की ही नव्या नवरीसारखी लाजते.”

“नव्या नवरीकडे तरी तुम्ही कुठे बघत होतात? सगळं लक्ष पंगतीकडे होतं.”

मधुकरराव हसले आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. पाटी पुन्हा उजळली.

कराडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या स्वयंपाकघरातून हजारो मैल दूरच्या तामोरा नावाच्या बेटांच्या देशाची मतमोजणी चालली होती. तामोरातल्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मागच्या दोन निवडणुकांत पार उडाला होता. मतदानयंत्रं खोटी, मोजणारे खोटे, न्यायाधीश विकलेले, असे आरोप करून दोन्ही बाजू दमल्या, तेव्हा त्यांनी यंत्रं बाजूला ठेवली आणि कागद-शिक्का परत आणला. मोजणी संगणकाने करायची, पण त्याला शंका आलेली प्रत्येक पत्रिका जगभरातून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच परक्या माणसांनी बघायची, असं ठरलं. साक्षीपाटी उमेदवारांची नावं झाकायची, रकान्यांची अदलाबदल करायची. मत कोणाचं आहे ते साक्षीदाराला कळायची सोयच नव्हती. म्हणूनच तर नातेवाईक तिकडे असलेल्यांनाही मनाई नव्हती.

आणि शरयूताईंची एकुलती एक लेक इरा तामोरात राहत होती.

आठ वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या केंद्रात नोकरी लागून ती तिकडे गेली, नवऱ्यालाही तिथेच काम मिळालं, नात तिथेच जन्मली. तेव्हापासून शरयूताई रोज सकाळी चहाबरोबर तामोराच्या बातम्या वाचायच्या. तिथला अर्थमंत्री कोणाचा जावई आहे हे त्यांना ठाऊक होतं. “आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, ते सांग बघू,” असं मधुकरराव चिडवायचे, आणि ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही.

या वेळी चिडवायला कोणाला उसंत नव्हती. अध्यक्षपदाचा उमेदवार ओरेल बासेन याने प्रत्येक सभेत एकच वचन दिलं होतं : निवडून आल्यावर शंभर दिवसांत परदेशी लोकांची वसतीपत्रं रद्द. त्याच्या विरोधातल्या लिया मोकोने बाई म्हणत होत्या, आलेली माणसं आमचीच. सकाळच्या बातमीप्रमाणे मोकोने बाई नऊ हजार मतांनी पुढे होत्या. फक्त दक्षिण बेटांवरच्या एकतीस हजार संशयित पत्रिका उरल्या होत्या. दक्षिण बेटांचा कधीच भरवसा नसे. एकदा इकडे, एकदा तिकडे. संगणकाने त्या पत्रिका बाद ठरवल्या होत्या आणि साक्षीदारांनी मान डोलावली की मोकोने बाई अध्यक्ष होणार होत्या.

दोनशे तिसरी पत्रिका आली. ठसे किती?

“दोन.”

दोनशे चौथी. दोन. दोनशे पाचवी. दोन. एका रकान्यात गडद निळा शंख, शेजारच्या रकान्यात फिकट निळा शंख. दोघांनाही मत, म्हणजे मत बाद. तामोराचं राष्ट्रचिन्ह शंख, म्हणून शिक्काही शंखाचा.

दहा-बारा पत्रिकांनंतर शरयूताईंचा हात मेथीतच थांबला. त्यांनी चष्मा पुसला, पाटी जवळ ओढली. गडद शंख डावा होता, देवघरात असतो तसा. फिकट शंखाचं तोंड उजवीकडे होतं. उजवा शंख लाखांत एखादा मिळतो, लोक तो मखमलीत गुंडाळून ठेवतात. आणि इथे प्रत्येक कागदावर एक!

त्या क्षणी त्यांच्या नाकात ओल्या शाईचा आणि पोत्यांचा वास भरला. पाटणचं गोदाम. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून त्यांना दीड वर्ष झालं होतं, वय तेवीस, आणि पंचायत समितीच्या मोजणीला त्यांना बसवलं होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं : आपल्याकडे नावं एकाखाली एक असतात, पत्रिकेची घडी आधी उभी घालायला लावा, म्हणजे ओली शाई त्याच उमेदवारापुढे उमटेल. आडवी घातली तर दुसऱ्याच्या नावावर उलटा ठसा जातो. तो आरशातला ठसा, तो मत नव्हे. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर असे चौदा कागद आले. त्यांनी बोट दाखवलं, तेव्हा वरचे साहेब खेकसले, “बाई, लोकांना घरी जायचंय.” त्या गप्प बसल्या. अनुसया पवार नावाची उमेदवार अकरा मतांनी पडली. पुढे वर्षभराने एसटीत त्याच अनुसयाबाईने सरकून त्यांना बसायला जागा दिली होती. ते अंतर त्यांनी उभ्याने काढलं.

पाटीच्या कोपऱ्यात एक लाल गोल होता : हरकत. आजवर कोणी तो दाबल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

विचारलं होतं ते एवढंच, की ठसे किती. ठसे दोनच होते. ‘दोन’ म्हणणं खोटं नव्हतं. ‘दोन’ म्हटलं की इराचं घर शाबूत राहत होतं, नातीची शाळा शाबूत राहत होती. या एकतीस हजारांत बासेनची मतं जास्त असली तर? पाटी ते सांगणार नव्हती.

मेथीची पानं हातात चुरगळली. शरयूताईंनी लाल गोलावर बोट ठेवलं.

पाटी क्षणभर थिजली. मग फक्त त्यांनाच ऐकू जाईल असा एका बाईचा आवाज आला, परका, पण पाटीने मराठीत आणलेला. “मी तामोराची मोजणी-न्यायाधीश बोलते आहे. आपली हरकत सांगा.”

“अहो, कोरा कागद द्या. आणि तुमचं शाईचं पेन. भिंतीकडे बघतच द्या,” शरयूताई नवऱ्याला म्हणाल्या. मधुकररावांनी उलट्या पावलांनी येऊन दोन्ही वस्तू पाठीमागून पुढे केल्या आणि ते बाहेरच्या खोलीत निघून गेले.

कागदाच्या डाव्या अंगाला त्यांनी भरपूर शाईने शंख काढला, वाळायच्या आत कागद मधोमध दुमडला, तळव्याने दाबला आणि उघडून पाटीसमोर धरला. उजव्या अंगाला फिकट, उलटा शंख उमटला होता.

“शिक्का एकदाच मारलाय, बाई. घडी चुकली. तुमचे रकाने शेजारी-शेजारी, तिथे आधी आडवी घडी हवी, ती उभी पडली. तुमच्याकडे वीस वर्षांनी कागद आलाय, घडी कशी घालायची ते मतदारांना कोणी सांगितलंच नसेल. त्यातून दक्षिणेची दमट हवा, शाई वाळते कुठे? डावा शंख मत आहे. उजवा नाही.”

पलीकडून कागद दुमडल्याचा आवाज आला.

“आमच्या संगणकाला ठसे मोजायला शिकवलं होतं,” न्यायाधीश शेवटी म्हणाली. “शंखाचं तोंड बघायला नाही. सर्व पत्रिका पुन्हा मोजल्या जातील. आपलं काम संपलं.” पाटी विझली.

अर्ध्या तासाने मधुकररावांनी बातम्या लावल्या आणि ते ओरडतच स्वयंपाकघरात आले, “अगं, ऐकलंस का? भारतातल्या कुठल्यातरी अतिशहाण्याने हरकत घेतली! एकतीस हजार मतं परत मोजणार! आता आपल्या इरीचं...” ते थबकले. शरयूताई मेथी धूत होत्या, तिसऱ्यांदा.

“शरयू. तू?”

“हो.”

“गप्प बसायला काय झालं होतं?”

“एकदा बसले होते,” त्या म्हणाल्या.

मधुकरराव बातम्यांकडे परत गेले. दुपारी ते जेवले नाहीत, पण रागावून नव्हे. नुसते बसून राहिले. शरयूताईंनी इराला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होत्या? पडद्यावर आकडे येत होते. नऊ हजारांची आघाडी सहावर आली, मग साडेतीनवर, मग अकराशेवर. मधुकरराव उठून शरयूताईंच्या शेजारी येऊन बसले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेलेल्या माणसाने भर दुपारी बायकोचा हात धरला.

पाच वाजता आकडे थांबले. मोकोने बाई चारशे सतरा मतांनी विजयी. बासेनने थोड्याच वेळात पराभव मान्य केला. तो म्हणाला, माझी मतं मोजली गेली, तक्रार नाही. तामोरात गेल्या बारा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

“चारशे सतरा,” मधुकरराव म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “अगं, आपल्या लग्नाला जास्त माणसं होती!”

“आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी जेवलात. आता वाढू का?”

तेवढ्यात इराचा फोन आला. पडद्यावर तिच्यामागे रस्ता दिसत होता. माणसं नाचत होती. नात खिडकीतून ताटली वाजवत होती. शरयूताईंनी फोन आणखी जवळ धरला.

“आई, राहणार आम्ही! ऐकलंस ना? आणि ती घडीवाली हरकत... कराडची होती म्हणे. बाबांचं तोंड बघूनच कळलं मला.”

“तुझ्या घरावर नांगर फिरवला असता मी,” शरयूताई म्हणाल्या.

“नाही फिरवलास. इथे आज पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे लोक एकाच चौकात उभे आहेत. भांडत नाहीयेत. मी तर म्हणते...” इरा बोलता बोलता थांबली. तिचा आवाज हळू झाला. “आई, एक विचारू? पाटीवर नावं झाकलेली नसती, त्यातली बरीच मतं बासेनची आहेत हे तुला दिसत असतं, समोर मी आणि पिल्लू दिसत असतो... तरी दाबलं असतंस ते लाल बटण?”

मधुकररावांनी ताटाकडे गेलेला हात मागे घेतला. शरयूताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ‘हो’ अगदी ओठांवर होतं, पण ते खरं होतं का?