लाल दोऱ्याचा मास्क

श्रीरामपुरात बसस्टँडसमोर बिभीषणचं सर्जिकलचं दुकान आहे. हातमोजे, सलाईनच्या नळ्या, मास्कची खोकी. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी गावभर उडते आणि मास्क खपतात. बिभीषण गोडबोल्या माणूस; आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही.

त्या सकाळी धनश्रीबाई, शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका, मास्क घ्यायला आल्या. त्याने सीलबंद पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं.

"अहो, हा ओला आहे की!" बाई म्हणाल्या.

पाकिटात एकच मास्क होता. कापडी, चौपदरी गॉजचा, चार नाड्यांचा. आणि कोमट. निलगिरीच्या तेलाचा वास काउंटरवर पसरला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'द' काढला होता.

बिभीषणने ते अक्षर ओळखलं.

दुकान टाकण्याआधी तो एका मिशन दवाखान्यात स्टोअरकीपर होता. जुन्या काळी तिथे मास्क फेकून देत नसत. सिस्टर ते स्वतः शिवायच्या, उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, वर निलगिरीचा थेंब टाकायच्या. एकीचा मास्क चुकून दुसरीच्या तोंडाला जाऊ नये म्हणून कोपऱ्यात जिचं तिचं अक्षर. पुढे एकदाच वापरायचे मास्क आले आणि कापडी मास्क ट्रंकेत गेले. कोरोनात या पठ्ठ्यानं चांगल्या मास्कची खोकी टेम्पोत घालून सुप्याच्या एका ठेकेदाराला गुपचूप विकली आणि सिस्टरांपुढे ती ट्रंक उघडली. कोरोनाच्या वॉर्डात गॉजचे चार पदर! दया सिस्टर रोज विचारायची आणि हा रोज सांगायचा, "पुढच्या गाडीनं येतील." धाप लागून ती गेली, तरी ती गाडी काही आली नाही. दुकान मात्र झोकात उभं राहिलं. असल्यांचं सगळं कसं सुरळीत चालतं, याचा संताप येतो.

त्याने दुसरं पाकीट फोडलं. 'द'. तिसरं फोडलं. त्यातही 'द'. बाई काही न घेताच निघून गेल्या.

ओला मास्क मुठीत धरून तो तडक दयाच्या नवऱ्याकडे गेला. चर्चमागे शांतवनचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

"हे धंदे तुझेच ना?"

शांतवनने मास्क हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"तिचाच हाय. पर ह्यो तिच्या तोंडावर हुता. तसाच मातीत गेला. आमाला हात बी लावू दिला न्हाई."

"मग माझ्या दुकानात कसा येतो?"

"मला काय म्हाईत? मी तर देवाजवळ रोज येकच मागतो."

"काय?"

"तुजा श्वास."

हे तो ओरडून म्हणाला नाही. मास्कची नीट घडी घालून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली.

"ह्यो ऱ्हाऊ दे माज्याकडं. तुजा तुला मिळंल."

बिभीषण परतला. दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना त्याला दम लागला. काजळीनं होत असेल, त्याने मनाला सांगितलं.

मग निलगिरीचा वास आला.

नाकावर काहीतरी ओलं टेकलं. त्याने चेहरा चाचपला. काहीच नव्हतं. पण आत हवा जाईना. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं.

तरुण नर्स ऑक्सिजनचा मास्क घेऊन धावत आली आणि थबकली.

"काका, तोंडावरचा हा आधी काढा की!"

बिभीषणने हात वर नेला. या वेळी बोटांना कापड लागलं. चार पदर. कोमट.

नर्सने मानेमागची गाठ ओढली. सुटेना.

कात्री लावली. नाडी तुटेना.

"कुणी बांधलाय एवढा घट्ट?" ती पुटपुटली. मग खाली वाकून कोपरा पाहू लागली. लाल दोरा नवाकोरा होता.

"'बि' काढलाय इथं. काका, नाव काय तुमचं?"

नाव सांगायला त्याला आधी श्वास घ्यावा लागणार होता.