अलमेलुअक्काचं ऊन

तंजावूरला उन्हाची काय कमतरता? एप्रिलमध्ये रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. म्हणून अलमेलुअक्काचं दुखणं ऊन न मिळाल्यामुळे असेल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्या धाकट्या भावाच्या, डॉक्टर गुरुराजच्याही नाही.

अक्काचं सासर तिरुवैयारूचं. सासूबाईंचं सोवळं कडक. स्वयंपाक करणारीनं अंधारात नदीवर न्हाऊन ओलेत्यानं चुलीपुढे बसायचं, ते सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. तोवर संध्याकाळ होई. घरातल्या चौकात तेवढं ऊन उतरायचं, तर बाजारात हिरवे फायबरचे पत्रे येताच तिच्या नवऱ्यानं हौसेनं तेही झाकलं. अक्काची कंबर, मांड्या, बरगड्या दुखू लागल्या. लोक म्हणाले, वात आहे. काही म्हणाले, सोंग आहे.

एकदा माहेरी आलेली असताना ती जमिनीवरून उठली, ती दोन्ही हातांनी स्वतःच्याच मांड्यांचा आधार घेत, आणि बदकासारखी डुलत चालली. गुरुराजनं तिची नडगी अंगठ्यानं दाबली, तर ती कळवळली. एक्स-रेत मांडीच्या हाडावर बारीक चीर दिसली. रक्तात कॅल्शियम कमी, अल्कलाइन फॉस्फटेज भलतंच वर. ड जीवनसत्त्वाची तपासणी मद्रासहून करून आणली. ते मोजण्याइतकंही नव्हतं.

त्याला चक्क आनंद झाला. हा रोग बरा होतो. त्यानं अक्काला ठेवून घेतलं, मोठ्या मात्रेची इंजेक्शनं दिली, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या. दिवाळीला तू आपल्या पायांनी देवळात जाशील, असं कबूलही करून बसला.

दिवाळी गेली. अक्का खाटेवरून उठेना. मद्रासचा रिपोर्ट पुन्हा तोच. आतडी, यकृत, मूत्रपिंडं, त्यानं सगळं तपासलं, सगळं ठणठणीत. औषध तिच्या अंगात जात होतं आणि कुठेच पोचत नव्हतं. गुरुराजनं हात टेकले. आता उरलं होतं फक्त ऊन.

उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं, वाणीनं, गच्चीवर वडाम घातले. तांदळाच्या त्या सांडग्यांची राखण करायला अक्काला उचलून लोखंडी खुर्चीत बसवलं, हातात काठी दिली. ऊनही मिळेल, कामही होईल. दुपारी पाहिलं तर कावळ्यांनी निम्मे वडाम फस्त केलेले. अक्का झोपल्या असतील, वाणी कुरकुरली. आपण काठी आपटत होतो, पण कावळे मान वर करत नव्हते, असं अक्का सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुराज स्वतः गच्चीवर गेला. अनवाणी पायांना चटके बसत होते. अक्का काठी हलवत होती आणि एक कावळा तिच्या खुर्चीच्या हातावर बसून चोच घासत होता. गुरुराज जवळ जाताच तो उडाला.

खुर्चीचं लोखंड तापलं होतं. त्यावर टेकलेला अक्काचा हात रांजणाइतका गार होता.

मग त्यानं खाली पाहिलं. जमिनीवर खुर्चीची सावली पडली होती. पाठीची एकेक सळई स्वच्छ दिसत होती. फक्त खुर्चीची.

"गुरु, मज ऊन लागत नाहीं रे," अक्का म्हणाली. "कधींच लागलं नाहीं."

त्याला रडू फुटलं. त्यानं तिचं मनगट धरलं. नाडी लागत होती, नियमित.

पायांचे चटके थांबले.

"हात सोड. तूं तरी जा."

त्यानं सोडला नाही.

कावळा परत आला. मग दुसरा. दोघे त्याच्या पायाशी वडाम टिपू लागले.

जिन्यावर पावलं वाजली. वाणी आली, तिनं कावळे हुसकले आणि उरलेले वडाम भराभर सुपात भरले. त्यानं तिला हाक मारली. मोठ्यानं मारली.

तिनं खुर्चीकडे पाहिलं, गच्चीभर नजर फिरवली.

"वर कोण्हीच नाहीं," ती खाली तोंड करून कोणाला तरी म्हणाली.

मग ती गेली, आणि गच्चीच्या दाराला आतून कडी लागली.