चिंचेची झोप

मुलुंड पूर्वेच्या त्या फ्लॅटमध्ये गॅलरी बंद करून केलेली खोली इरावतीच्या सासूबाईंची, प्रेमाबाईंची होती. तिथे एक कॉट, एक पत्र्याची ट्रंक आणि चिंचेचं रोप होतं. आमटीसाठी भिजवलेल्या चिंचेतला चिंचोका मातीत खोचून त्यांनीच ते रुजवलं होतं. तिन्हीसांजेला त्याची पानं जोडीजोडीने मिटत. मग त्या कुणाला त्याला हात लावू देत नसत. औषधाला पान लागलंच, तर आधी हात जोडून झाडाची माफी मागत.

इरावती घरीच दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. झाड झोपतं वगैरे तिला पटत नसे. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते, तिच्यातलं पाणी एका बाजूकडून दुसरीकडे सरकतं आणि पान मिटतं, बस्स. अखंड उजेडातसुद्धा पानं काही दिवस आपल्या वेळेला मिटतात, हे मुलांना दिसावं म्हणून तिने कुंडीवर मोठा दिवा लावला. आठ दिवस, रात्रंदिवस. शेजारीच सासूबाईंची कॉट आहे हे तिला कळत होतं. म्हातारं माणूस, कसंही झोपेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

चौथ्या संध्याकाळी मुलं नोंदी करत होती, तेव्हा प्रेमाबाई तांबारलेल्या डोळ्यांनी कॉटवर उठून बसल्या.

"दिवो मालव गो. झाडाक झोप लागना नाय."

मुलं हसली. इरावतीही हसली. त्या हसण्याची तिला अजून लाज वाटते. म्हातारीने स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं.

आठ दिवस भरल्यावर दिवा उतरवला, पण सासूबाईंची झोप परतली नाही. महिन्याभरात त्या गेल्या. इरावतीच्या नवऱ्याने, जयवंतने, दोनदा आईच्या पापण्यांवरून हात फिरवला. डोळे मिटेनात.

तेव्हापासून रोपही मिटेना. इरावतीने जागा बदलली, काळं कापड टाकलं. कापड काढावं, तर पानं उघडीच.

"आईला विचारून लावला होतास ना दिवा?" जयवंतने एकदा विचारलं.

ती खोटंच हो म्हणाली. मग दिवसभर तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

त्या तिन्हीसांजेला जयवंत घरी नसताना ती खोलीत गेली आणि रोपासमोर हात जोडून उभी राहिली.

"आई, चुकलं माझं. तुम्हाला झोप लागत नाही, हे ठाऊक होतं मला."

एक जोडी मिटली. मग दुसरी. अर्ध्या तासाचं काम मिनिटभरात होत होतं. तिला रडू आलं.

कॉटकडची सगळी पानं मिटली.

तिच्याकडची मिटली नाहीत.

तिने हलक्या हाताने कुंडी फिरवली. मिटलेली बाजू आता तिच्यासमोर आली.

एकेक करून ती पानं उघडली.

इरावतीला बघवेना. तिने डोळे मिटायला घेतले.

ते मिटेनात.