किट्रिजच्या नोटेतली टाचणी

"ही माझी नोट नव्हे," एबन किट्रिज अंथरुणातूनच म्हणाले, आणि पाऊण तासात त्यांची शुश्रूषा करणारी रुथॅना वीम्स चोर ठरली.

किट्रिज यांनी बोलावलेले टपाल खात्यातले निवृत्त तपासनीस लोवेल टॅन्सी पोचले, तेव्हा ती स्वयंपाकघरात मांडीवर कोट घेऊन बसली होती. दिवाणखान्यात जुन्या नोटांच्या मंडळाचे अध्यक्ष हॉस्टेटर आणि चिटणीस स्टाउट तिनेच केलेली कॉफी पीत, शेरीफला आत्ता बोलवावं की जेवणानंतर, यावर विचारविनिमय करत होते.

"नोटांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे? तिच्याकडे," हॉस्टेटर म्हणाले. "अजून काय शोधायचंय?"

"तुम्ही ही नोट विकत मागितली होती ना?" टॅन्सींनी विचारलं.

"पाचदा. त्यांनी दिली नाही. म्हणून मी चोर?"

"मी फक्त विचारलं."

टॅन्सींनी नोटा लावलेली संग्रहाची वही उघडली. एकेका नोटेखाली तपकिरी शाईत, पिसाच्या लेखणीने लिहिलेली वळणदार चिठ्ठी होती.

"हे अक्षर माझं," स्टाउट नम्रपणे म्हणाले. नम्रतेचा त्यांना सराव होता.

वादातली नोट अमेरिकन क्रांतीच्या आधीची, पेनसिल्व्हेनियाची, वीस शिलिंगांची. मागे झाडाच्या पानाचा ठसा, आणि नक्कल करणाऱ्याला मृत्युदंडाची तंबी. टॅन्सींनी ती खिडकीपाशी धरली. कागदात अभ्रकाचे कण चमकले. घडीवर बेमालूम जोडलेली चीर आणि तिच्यापाशी दोन बारीक भोकं दिसली. त्यांनी नोट नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

मग ते आतल्या खोलीत गेले.

"तुमच्या नोटेत काय होतं, जे हिच्यात नाही?"

"टाचणी," किट्रिज म्हणाले. "घडीवर फाटली होती. त्या काळी कुणा बाईने टाचणी मारून बाजारात चालवली. गंजाचा डाग होता. म्हणून तर घेतली मी. ही बघा, नव्या नवरीसारखी."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"दोन रविवारांपूर्वी. हे दोघे आले होते. मग ताप आला. आज परत आले, तेव्हा वही मागितली."

"वही कोणी आणून दिली?"

"रुथॅनाने किल्ली दिली. आणली या दोघांपैकी एकाने. कोणी ते नाही आठवत."

टॅन्सींनी रुथॅनालाही विचारलं. "नोटांबद्दल तुला काय माहिती?"

"फडक्याने पुसायच्या नाहीत, एवढंच. मला शुश्रूषेच्या परवान्याची काळजी आहे, सर. चोरीचा डाग लागला तर या राज्यात कुठल्या म्हाताऱ्याचा हातही धरू देणार नाहीत मला. एकोणीस वर्षं हेच करतेय."

टॅन्सींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि ओला कापूस नोटेवरच्या एका सहीला टेकवला. सही पसरली.

"बनावट!" हॉस्टेटर उठले.

"बसा. बनावट असती तर कागदात अभ्रक नसतं, आणि टाचणीची भोकं तर मुळीच नसती. नोट किट्रिज यांचीच आहे. कोणी बदललीच नाही. कोणीतरी ती धुतली. अजून ब्लीचचा वास मारतेय, सार्वजनिक तरणतलावासारखा."

हॉस्टेटर परत खुर्चीत बसले.

"छापायची शाई काजळीची, ब्लीचला दाद देत नाही. सह्या मात्र हाताने, लोहाच्या शाईत केलेल्या. त्या पार उडाल्या. धुणारा घाबरला, आणि फिकट खुणांवरून त्याने त्या पुन्हा गिरवल्या. अडीचशे वर्षांपूर्वीचं वळण, पिसाची लेखणी, तपकिरी शाई. हॉस्टेटर, तुम्हाला चेकवरची स्वतःची सही तरी धड करता येते का?"

"नाही," हॉस्टेटर प्रथमच खरं बोलले.

टॅन्सींनी वहीतल्या एका चिठ्ठीला कापूस लावला. तीच शाई, तसाच ओघळ.

स्टाउटांनी कप खाली ठेवला. "किट्रिज यांच्या मृत्युपत्रात हा संग्रह मंडळाच्या नावे आहे. प्रदर्शनात गंजक्या टाचणीला पदक कोण देतं? मी नोट स्वच्छ केली. सगळेच करतात, फक्त बोलत नाहीत. त्या रविवारी नेली, आज गुपचूप ठेवली."

"आणि टाचणी?"

"कचऱ्यात."

"पाऊण तास रुथॅनाला चोर म्हटलं जात होतं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"मला वाटलं, होईल आपोआप शांत."

टॅन्सींनी वही मिटली. खात्यात त्यांनी निवृत्तिवेतनाची पाकिटं चोरणारे पाहिले होते. त्यांना निदान पळायचं तरी कळत होतं.

"म्हणजे आता या नोटेची किंमत चौथाई," हॉस्टेटर हळहळले. "सह्या गेल्या म्हणजे काय राहिलं?"

टॅन्सी वाट पाहत राहिले. रुथॅनाची माफी कोणी मागितली नाही. तिने कोट घातला, किट्रिज यांच्या कपाळाला हात लावून आली, त्यांच्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं आणि निघाली. दुसरं काम तिला दुपारपर्यंत मिळणार होतं. टॅन्सींनी जाताजाता तिच्या हातात, ती निर्दोष असल्याचं, स्वतःच्या सहीचं पत्र दिलं.

दार लागलं. आतल्या खोलीतून किट्रिज यांची घंटा वाजली. वेळ म्हाताऱ्याचं अंथरूण बदलायची होती, आणि वासावरून उशीर झाला होता. हॉस्टेटर छताकडे पाहू लागले. घंटा पुन्हा वाजली.

टॅन्सींनी बादली उचलून स्टाउटांच्या पायाशी ठेवली.

"जा. धुण्याची हौस आहे ना तुम्हाला."