पोटाखालचा पत्रा

सोमवार, २८ ऑगस्ट २०२३. चिनी चांद्र पंचांगातला सातवा महिना, तेरावी रात्र. दुपारी वरच्या डोंगरात विजा पडल्या, संध्याकाळी पाऊस थांबला, आणि नऊच्या सुमाराला आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं.

नदीत पोकलेन चालवणारे लो काका ही गोष्ट सांगायला बसले की सुरुवात इथूनच करतात. तारीख आणि हवा सांगितल्याशिवाय पुढं जात नाहीत.

यंदाही सातवाच महिना चालू होता, मेलेले फिरायला मोकळे सुटतात तो. नदी डोंगरातून बाहेर पडते तिथं देंगचं गॅरेज आहे. अंधार पडून बराच वेळ झाला होता. पाच-सहा पोरं शटर अर्धं ओढून उकडलेल्या शेंगा खात बसली होती. उजाडताच नदीपात्रातून जिपा घालून वरच्या गरम झऱ्यांपर्यंत जायचा त्यांचा बेत होता. त्यातल्या श्याव-जेनं आपल्या जीपच्या पोटाखाली निळे दिवे बसवून घेतले होते, आणि ते दाखवल्याशिवाय त्याला घास गिळवत नव्हता.

"काका, बघा तरी! जीप हवेत तरंगतेय असं वाटतं की नाही?"

"वाटतं. बंद कर."

"बॅटरी नवी आहे हो."

"बॅटरीचं कोण बोलतंय? खाली उजेड पाडला की खालचं दिसतं. दिसलेलं सगळं तुला सोसेल का?"

पोरं हसली. "सातवा महिना लागला की काकांची टेप सुरू," एक जण म्हणाला.

"मग ऐकू नकोस. शेंगा खा." लो काकांनी तोंडातली सुपारी थुंकली, स्टुल पुढं ओढलं. श्याव-जेनं हळूच दिवे बंद केले.

अ-थिंग वरच्या वस्तीवर राहायचा, आई-वडिलांबरोबर. आल्याची शेती होती. वडील, म्हातारा ल्याओ, उमेदीत बोगदे खणण्याच्या कामावर. दगडाची धूळ फुप्फुसात बसली ती बसलीच. आठ महिने खाटेवर. नाकाला नळी, नळीला यंत्र, यंत्राला वीज. वीज गेली की ऑक्सिजनचा सिलिंडर. घरात दोन सिलिंडर असायचे, आणि एक रिकामा झाला की अ-थिंग तो भरून आणायला नदीतून खाली यायचा.

त्या सोमवारी तो त्याच कामासाठी आला होता. सिलिंडर भरायला दिला आणि तेवढ्यात जीप देंगकडं घातली. आठवड्यापूर्वी नदीतल्या एका दगडानं त्याचा चेंबर गार्ड, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखालचा पत्रा, फाडला होता. गाडीबरोबर आलेला पातळ पत्रा तो. दगडावर एकदा बसला आणि डब्याच्या झाकणासारखा वाकला. पत्रा नसताना नदीत उतरायचं म्हणजे उघड्या पोटानं काट्यांवर लोळायचं. चेंबर फुटलं तर तेल जातं, तेल गेलं की इंजिन जातं, आणि नदीत इंजिन गेलं की गाडी नदीची.

"नवीन मागवला तर दोन आठवडे लागतील," देंग म्हणाला. "हा घे. पोलाद आहे. मी ठोकून सरळ केलाय, वरून काळा रंग मारलाय. यावर डोंगर बसला तरी हलायचा नाही."

अ-थिंगनं पत्रा उलटा केला. बोल्टांच्या भोकांच्या कडेला, काळ्या रंगाखाली, हिरवा रंग दिसत होता.

"कुठल्या गाडीचा हा?"

"भंगारातून आलाय. तुला काय लग्न लावायचंय त्याच्याशी, घराणं विचारतोस ते?"

अ-थिंग हसला नाही. त्या खोऱ्यात हिरवी जीप एकच होती. आल्याच्या व्यापाऱ्याची. वस्तीकडं जाताना नदीच्या धारा ओलांडाव्या लागतात, त्यातल्या तिसऱ्या धारेत ती जूनमधल्या पुरात उलटली, आणि माणूस खूप खाली सापडला.

"काका, कोण हो हा व्यापारी? नाव काय त्याचं?" श्याव-जेनं विचारलं.

"महिना संपू दे, मग विचार. या महिन्यात रात्री उघड्यावर कुणाचं नाव घ्यायचं नाही, एवढंही आईनं शिकवलं नाही का तुला? ज्यांना ऐकू जाऊ नये त्यांना जातं. म्हणून तर अ-थिंगला मी अ-थिंगच म्हणतोय. कागदावरचं त्याचं नाव वेगळं आहे."

मेलेल्याचं मात्र उलट असतं. पाण्यात गेलेल्या माणसाला घरी न्यायचं तर वाटेतल्या प्रत्येक पुलावर त्याला हाक मारावी लागते. पूर्ण नाव घेऊन. अमुक-अमुक, पूल आला, पार व्हा. पाण्यावरून त्याला वाट दिसत नाही. हाकेचा माग धरून तो येतो. त्या व्यापाऱ्याच्या मुलानं खालच्या दोन्ही पुलांवर अशी हाक मारली होती. हातात बांबू, बांबूला पांढरी पट्टी, घसा बसेपर्यंत. लो काका तेव्हा पोकलेन घेऊन नदीत वाट काढत होते, त्यांनी स्वतः ऐकली होती. अ-थिंगनंही ऐकली होती.

आता आत चहा करणाऱ्या देंगच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

तर त्या रात्री देंगनं पत्रा चढवला. शिवाय पोटाखाली चार पांढरे दिवेही लावून दिले. रात्री पाण्यातले दगड दिसावेत म्हणून. शेवटचा बोल्ट आवळला जात असताना आईचा फोन आला.

"थिंग, वीज गेली रे. दुपारीच गेली. दुसरा सिलिंडर लावलाय."

"काटा कुठं आहे?"

"अर्ध्यावर." मग म्हणाली, "नदीला पाणी असेल. सकाळीच ये तू."

"सकाळपर्यंत पुरेल का?"

आई म्हणाली, "ते झोपलेत. तू जेवलास का?"

अ-थिंगनं भरलेला सिलिंडर शेजारच्या सीटवर ठेवला, माणसाला बांधतात तसा पट्ट्यानं बांधला आणि निघाला.

पहिली धार गुडघ्याएवढी. त्यानं पोटाखालचे दिवे लावले. पांढऱ्या उजेडात दगड एकेक करून दिसत होते. पत्र्यावर एक-दोन दगड घासले, ठण्ण वाजले, मागं गेले. अ-थिंगला बरं वाटलं. असा आवाज म्हणजे पत्रा आपलं काम करतोय.

दुसरी धारही गेली.

तिसऱ्या धारेपलीकडं जुन्या पुलाचे खांब चांदण्यात उभे होते. पूल कधीच वाहून गेला होता. खांबांवर काही नाही. अ-थिंगनं गिअर बदलला आणि जीप पाण्यात घातली.

मधोमध ती थांबली.

दगडावर बसली असती तर आवाज झाला असता. आवाज झालाच नाही. चाकं फिरत होती, खालची वाळू उडत होती, गाडी जागची हलत नव्हती. पुढं नाही. मागं नाही. त्यानं इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरला. पाणी मांड्यांना लागलं, थंडगार. दरवाजा धरून वाकला, गाल पाण्याला लागेपर्यंत वाकला, आणि खाली बघितलं.

खाली दगड नव्हता.

चारही चाकं घट्ट वाळूवर होती. पत्रा आणि तळ यांच्यामध्ये हातभर पाणी होतं. उजेडानं भरलेलं, स्वच्छ. काहीही अडकलेलं नव्हतं.

फक्त पाणी सरळ वाहत नव्हतं. पत्र्याखाली येऊन ते दोन बाजूंना फुटत होतं... आणि माणूसभर अंतर सोडून पुन्हा एक होत होतं.

अ-थिंग तसाच वाकून राहिला.

मग पत्र्यावर टकटक झाली. खालून नाही. वरून. पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये मूठसुद्धा जाणार नाही, तिथून. एकदा... थोडं थांबून पुन्हा. दार उघडा म्हणून कुणी आतून वाजवावं, तशी. हळू.

"सोडा हो," अ-थिंग म्हणाला. "माझे वडील आहेत घरी. त्यांना श्वास पोचवायचाय. सोडा."

टकटक थांबली. गाडी हलली नाही.

त्यानं पुन्हा आत बसून जोर लावला. जीप थरथरली नुसती. गाडी ओढून काढायच्या विंचचा दोर घेऊन किनाऱ्याकडं निघाला, तर दोर पुरेना. फोन बघितला, रेंज नव्हती. सीटवर सिलिंडर पट्ट्यात बांधलेला, गप्प. काठावर माणूस नाही, दिवा नाही. पाणी हळूहळू चढत होतं की त्याला तसं वाटत होतं, तेही कळेना. गाडीच्या टपाला हात लावून तो उभा राहिला. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेव्हा त्याची नजर खांबांवर गेली.

जूनमध्ये व्यापाऱ्याच्या घरची मंडळी पलीकडच्या काठावर विधी करून याच धारेतून परत आली होती. टेम्पोत बसून. गप्प. खालच्या दोन पुलांवर हाक मारली. इथं मारली नाही. इथं पूलच नव्हता. जिथं पूल नाही तिथं पूल आला असं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. म्हणजे तो माणूस अजून इथंच... या पाण्यात... आणि त्याच्या गाडीचं जे लोखंड परत आलं, त्याला धरून.

अ-थिंगला हाक माहीत होती. नावही माहीत होतं, खोऱ्यात सगळ्यांनाच माहीत होतं. ते ओठांवर आलं. पण सातवा महिना, तेरावी रात्र, नदीचं पात्र... लहानपणापासून जे तोंडात बसलेलं असतं ते ऐनवेळी हात धरतं. त्यानं नाव गिळलं. नुसतंच ओरडला.

"पूल आला! पार व्हा! सावकाश... पार व्हा!"

आवाज खांबांवर आपटून परत आला.

जीप हलली. आपोआप, हलकी. तो धावत आत बसला, आणि चिखलातून पाय निघावा तशी ती धारेतून वर आली. पत्र्यावर पुन्हा दगड वाजायला लागले. ठण्ण. ठण्ण. अ-थिंग रडत होता आणि हसत होता.

लो काका थांबले. एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

"मग पोचला ना वेळेवर?" श्याव-जेनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत लो काका थांबले.

अ-थिंग पोचला तेव्हा आई मेणबत्ती घेऊन दारातच उभी होती. त्यानं सिलिंडर खांद्यावर घेतला आणि आत धावला.

"राहू दे," आई म्हणाली.

"काय राहू दे? काटा किती आहे?"

"आहे अजून. पावभर आहे."

"मग?"

"तो नाही संपला, बाळा."

आईनं सांगितलं ते असं. म्हातारा शांत झोपला होता. श्वास बरा होता. मध्येच डोळे उघडले, कुणी बोलावल्यावर उघडतो तसे. मान दाराकडं वळवली. कान देऊन ऐकलं. मग स्वतःच्या हातानं नळी काढली, उशीवर नीट ठेवली, आणि म्हणाला, "हो. होतोय पार."

"कुणाशी बोललात?" आईनं विचारलं.

पण तोवर झालं होतं.

अ-थिंग सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. आईनं तो उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. तिला पेलेना.

"आई, मी नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "मी कुणाचंच नाव घेतलं नाही गं."

आईला काही कळलं नाही.

गॅरेजात देंग चहा न आणताच दारात येऊन उभा होता. त्यानं खाली मान घातली.

"काका," श्याव-जे म्हणाला, "बिननावाची हाक..."

"जो निघायच्या बेतात असेल त्याची," लो काका म्हणाले. "पुढचं ऐका. हे मी बघितलेलं आहे."

मंगळवारी सकाळी हवा कोरडी होती. ऊन सातलाच वर आलं. लो काका पोकलेन घेऊन वर गेले आणि वस्तीवर कळलं तसे सरळ ल्याओंच्या घरी पोचले. वीज अजून आली नव्हती. म्हाताऱ्याला अंघोळ घालायची होती. लो काकांनी घमेलं धरलं, अ-थिंगनं चादर बाजूला केली.

म्हातारा ल्याओ आठ महिन्यांत खाटेवरून उतरला नव्हता. आदल्या संध्याकाळी आईनंच त्याचे पाय पुसले होते. दोन्ही तळव्यांना, घोट्यापर्यंत, नदीचा करडा गाळ होता. ओला. उजव्या पायाच्या बोटांमध्ये बारीक वाळू होती. खाटेपासून दारापर्यंत फरशी कोरडी होती.