डाव्या भिंतीवरचा कळस

"बिनशेपटीचं विमान मारुतीरायाला तरी पटेल का हो, ताई?" दिगंबरपंतांनी तबल्याची पिशवी मांडीवर ओढत विचारलं.

कीर्तनकार वत्सलाताई हसल्या. त्यांची चाळीस जणांची मंडळी सकाळी कोल्हापूरहून नांदेडला कीर्तनसप्ताहासाठी निघाली होती. पंखयान म्हणजे नुसता एक अवाढव्य पंख. माणसं त्याच्या पोटातच, नाट्यगृहातल्यासारखी ऐसपैस बसलेली. खिडक्या नाहीत; बाहेरचं दृश्य दोन्हीकडच्या भिंतींवर उमटे. शेपटीवाचून तोल सांभाळायचं काम 'तोलक' नावाच्या यंत्रबुद्धीकडं.

"डावीकडे तुळजापूर," तोलक गोड आवाजात म्हणाला. "आईच्या कळसाचं दर्शन घ्या."

झालं! 'उदो उदो' करत अख्खी मंडळी डाव्या भिंतीशी लोटली. दिगंबरपंतांच्या डोळ्यांना धार लागली. बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी आईलाच साकडं घातलं होतं. "वाटेत गाठलं हो आईनं! आता ती वाचते बघा."

वत्सलाताईंनी हात जोडले आणि त्या थबकल्या. कळसामागं कोवळा सूर्य होता. त्यांनी मागं वळून पाहिलं. उजव्या भिंतीवरही सूर्य होताच.

त्यांनी हवाईसेविका शर्वरीला बाजूला घेतलं. "पोरी, खरं सांग. आज सूर्य दोन कसे उगवले?"

तिचा चेहरा उतरला. "इंधनाची झडप अडकलीय. डावी बाजू हलकी पडली, तिथं वजन हवं होतं, म्हणून तोलकानं तिकडं कळस उमटवला. जागा बदला म्हटलं की लोक हुज्जत घालतात, ताई. दर्शनाला नाही कोण म्हणतं?"

"हे त्याला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. तो प्रवाशांकडं बघून शिकतो."

"आणि खरं तुळजापूर?"

"उजवीकडं लागेल, थोड्या वेळानं. पण बोलू नका हं कुणाला. तोल अजून इकडंतिकडं होतोय. पुढच्या वेळी कुणी उठलंच नाही, तर…"

तेवढ्यात तोच गोड आवाज आला. "आई आता उजवीकडे. पुन्हा एकदा दर्शन घ्या."

मंडळी उलट लोटली. "ताई, उठा की!" दिगंबरपंत ओरडले. "आईकडं पाठ काय करता?"

वत्सलाताईंचे पाय निघाले. हात मात्र जुळेनात. ही खरी आई असेल, तर केवढा अपराध! आणि नसेल, तर आजवर कुठकुठल्या कळसापुढं त्यांना कुणी असंच नेऊन उभं केलं होतं?