तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

एप्रिल अर्धा सरला होता, तरी सरोवराकाठच्या डुलूथ गावातून थंडी पाय काढत नव्हती. सरोवरावरचा बर्फ तडकून बाजूला झाला होता, पहिली जहाजं बंदराला लागत होती, आणि धुकं... ते रोज पाण्यावरून उठायचं, उतार चढायचं, घराघरांच्या काचांना गाल लावून बसायचं. अशाच एका दुपारी, केसांवर गारठलेल्या पावसाचे मणी घेऊन सिग्ने टॉलेफसन कॉलेजच्या कोटांच्या खोलीत शिरली.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना तिथे चांगले कपडे उसने मिळत. इस्त्रीच्या वाफेआडून कुणीतरी मान वर केली. काळेभोर डोळे, कुरळे केस, कपाळावर घाम. सिग्नेने रांगेतल्या निळ्या कोटाकडे एकदा पाहिलं आणि बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या करड्या कोटाकडे.

"नजर निळ्यावर आणि बोट करड्यावर," तो म्हणाला. "असं का?"

"निळा कुणाला तरी लागेल..."

"कुणाला?"

"कुणाला तरी."

"ती 'कुणीतरी' अजून आलेली नाही. तू आलीयेस." आणि त्याने निळा कोट तिच्या हातात ठेवला. बाह्या अजून गरम होत्या.

त्याचं नाव निको स्पिनेली. न्यू जर्सीहून हिशेबशास्त्र शिकायला आलेला, शेवटच्या वर्षाला होता. घरी सगळे एकाच वेळी बोलतात, त्यामुळे आपला आवाज जरा मोठा आहे, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. सिग्ने मात्र विचारल्याशिवाय काही सांगत नसे, आणि विचारलं तरी अर्धंच. पण त्या उबदार, वाफाळत्या खोलीत तिने त्याला मार्चमधली फजिती सांगितली.

पहिलीच मुलाखत होती, आणि छान चालली होती. शेवटी तिथल्या साहेबांनी विचारलं, ही नोकरी तुम्हाला खरंच हवी आहे ना? ते टेक्सासकडचे, इथे नवे. सिग्ने घरच्या वळणाने म्हणाली, तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगली माणसं आली असतीलच. एवढं म्हणून ती वाट पाहत बसली, त्यांनी पुन्हा विचारायची. ते उठले, हात मिळवला, बाहेर बर्फ फार आहे म्हणाले. ती नोकरी दुसऱ्या कुणाला गेली.

आता एकच जागा उरली होती, सरोवराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. तिचे बाबा त्याच पाण्यावर जहाजांवर राबले होते, ती त्याच पाण्याकडे बघत मोठी झाली होती. ही जागा हुकली की मिनियापोलिसला मावशीच्या दुकानात उभं राहायचं, असं घरात ठरलेलं होतं. ते तिच्या आईने मोठ्याने म्हटलंही नव्हतं. गरजच नव्हती.

निको म्हणाला, रोज दुपारी ये. मी प्रश्न विचारतो.

मग एप्रिलच्या त्या दुपारी अशाच गेल्या. मधे टेबल, टेबलावर सिग्नेच्या आईने केलेल्या लिंबाच्या वड्या, पलीकडे निको. आव असा, जणू आख्खी प्रयोगशाळा त्याच्या मालकीची.

"कॉलेजच्या सफरीत वादळाने बोटीत पाणी शिरलं, तेव्हा पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या कुणी वाचवल्या?"

"मी होते तिथे..."

"बदकंही होती तिथे."

ती हसली. हसताना तोंडावर हात धरायची, आणि निकोची नजर त्या हातावर थबकायची... मग तो उगाचच कागद चाळायचा.

एकदा ताटलीत शेवटची वडी उरली. सिग्नेने सुरीने तिचे दोन भाग केले आणि एकच घेतला. निको बघत राहिला. तिने उरलेल्याचे पुन्हा दोन केले. शेवटी ताटलीत नखाएवढा तुकडा उरला, तो कुणीच खाईना.

मग तिने त्याला आपल्याकडची रीत समजावली. शेवटचा घास आपण उचलायचा नाही. कुणी कॉफी विचारली की आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की, राहू दे, उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं, तरच म्हणायचं, बरं, अर्धा कप.

"आणि पहिल्यांदाच हो म्हटलं तर?"

"तर... हावरट वाटतं."

"आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हटलं, की कॉफी भावाच्या पोटात," निको म्हणाला. मग जरा गंभीर झाला. मुलीने एकदा नाही म्हटलं की विषय संपला, मागे लागायचं नाही, हे आईने आम्हा तिघा भावांच्या कानीकपाळी ओरडून ठेवलंय, असंही त्याने सांगितलं. सिग्नेने ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

एका शनिवारी दोघं बंदराच्या कालव्याकाठी गेली. पाऊस बारीक, छत्री एकच. जहाजाने भोंगा दिला, पुलाने आपल्या भोंग्याने उत्तर दिलं, आणि जहाजाला वाट द्यायला तो आख्खा लोखंडी पूल हळूहळू वर चढू लागला. निको पाण्याकडे बघत बोलला. फिलाडेल्फियाच्या एका कचेरीने त्याला बोलावलं होतं. इथेही एक काम मिळत होतं, लहानसं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"मी इथे राहिलो तर..." तो थांबला. "तुला आवडेल?"

सिग्नेला 'हो' म्हणायचं होतं. पण जिभेला तिची जुनी वाट पाठ होती.

"छे, माझ्यासाठी कशाला? तिकडे तुझं चांगलं होतंय. जा तू."

आणि ती थांबली. जहाज संथ सरकत गेलं, डेकवरच्या कुणीतरी हात हलवला. पूल खाली आला, गाड्या पुन्हा सुरू झाल्या. ती अजून थांबलेलीच होती.

"बरं," निको म्हणाला.

बसथांब्यापर्यंत त्याने छत्री तिच्यावरच धरली. त्याच्या कोटाचा डावा खांदा भिजून काळा झाला.

सोमवारी त्याने फिलाडेल्फियाला होकार कळवला. त्यानंतरही दुपारी तो प्रश्न विचारत राहिला, नेमाने, नीट. फक्त बदकं पुन्हा आली नाहीत. ताटलीतल्या वड्याही तशाच राहू लागल्या.

मुलाखतीच्या दिवशी निळा कोट तिच्या अंगावर होता. समोर तिघं, मधे पांढऱ्या केसांच्या प्रमुख बाई. बाटल्यांचा प्रश्न आलाच. "मी वाचवल्या," सिग्ने म्हणाली, आणि कशा ते सांगितलं. सगळं झाल्यावर बाईंनी चष्मा काढला.

"ही नोकरी तुम्हाला हवी आहे?"

खोलीत घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. जीभ जुन्या वाटेला वळलीच होती... आणि तिला तो भिजलेला खांदा दिसला. इथे दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं. कालव्याकाठीही विचारलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मला हवी आहे. फार हवी आहे."

तिचाच आवाज, पण ओळखीचा वाटेना. आणि आभाळ काही कोसळलं नाही. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडचं वाक्य पुरं व्हायच्या आत सिग्नेने होकार दिला, आणि कोट हातावर टाकून ती पावसात निघाली.

कोटांची खोली अर्धी रिकामी झाली होती. निको खोक्यात कोटांच्या घड्या ठेवत होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला नोकरीचं कळलं; तो हसला, मनापासून, आणि मग ते हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"त्या दिवशी मी नको म्हटलं," ती म्हणाली, "ते पहिलं 'नको' होतं."

त्याच्या हातातली घडी तशीच राहिली.

"मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होते. तुला आमची रीत माहीत होती, मला तुझी माहीत होती. तरी मी वाट बघत राहिले. चूक माझी."

"सिग्ने, मी शब्द दिलाय त्यांना. वर्षभराचा."

"माहितीय. तो मोडायला सांगायला नाही आले." तिने कोट टेबलावर ठेवला, बाह्यांवरून एकदा हात फिरवला. "सांगायला आले. तू मला हवा आहेस. एवढंच."

धुकं काचेशी आलं होतं. खाली बंदरात भोंगा वाजला, लांब, खोल. निकोने हातातली घडी खोक्यात ठेवली. त्या मोठ्या आवाजाच्या मुलाचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"मग वर्षाने... परत येऊ?"

"ये."

"नक्की? तुमच्याकडे तीनदा विचारतात."

"नको विचारूस," सिग्ने म्हणाली. "पहिल्यांदाच हो म्हटलंय मी."

खालून, धुक्यातून, पुलाने जहाजाला उत्तर दिलं.